थ्री-नॉट-थ्रीची अक्षरओळख

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जुन्या लष्करी रायफलींविषयी विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी साठली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत आणि त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होत आहेत, माळे उपसले जात आहेत, आणि दोन पिढ्यांनी ज्या गाठोड्याला हात लावला नव्हता ते आता उघडले जात आहे. सर्व प्रश्न बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींचे आहेत. या रायफलीत प्रत्येक गोळी झाडल्यावर बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ हाताने वर उचलून मागे ओढावी लागते, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत बसते.

प्रश्न : नौपाड्यातील आमचे घर रिकामे करताना माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली एक जड रायफल सापडली. दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट, त्याखाली जी. आर. आय., मग ईशापूर, १९४२ आणि शेवटी तीन उभ्या रेघांपुढे तारका, अशा खुणा आहेत. आजोबा हयात नाहीत आणि परवान्याविषयी घरात कोणालाच काही ठाऊक नाही. पुरातन वस्तू म्हणून ती घरी ठेवता येईल काय? आणि या खुणांचा अर्थ काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आपण ज्या कड्याचा उल्लेख केला आहे तो या रायफलीचा जन्मदाखला आहे. जी. आर. आय. ही ‘जॉर्जियस रेक्स इम्परेटर’ या लॅटिन बिरुदाची आद्याक्षरे आहेत, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलींवर मुकुटाखाली नुसते जी. आर. असते. शेवटचा ‘आय’ हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा आहे. ईशापूर हे कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेले गाव असून तेथील सरकारी कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रायफली बनत आल्या. १९४२ हे अर्थातच घडणीचे वर्ष. तीन रेघा म्हणजे मार्क तीन. शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड या रायफलीचे हे रूप ब्रिटिश लष्कराने २६ जानेवारी १९०७ रोजी स्वीकारले. पहिल्या महायुद्धात रायफलींची मागणी कारखान्यांना पुरवेना, तेव्हा १९१६ साली त्यातले काही भाग गाळण्यात आले. मॅगझीनवर, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या पेटीवर, सरकणारी आणि एकेक काडतूस हाताने भरायला लावणारी कट-ऑफ नावाची पट्टी गेली, आणि फार लांबच्या जमावावर सर्वांनी मिळून मारा करण्यासाठी डाव्या अंगाला बसवलेली नेमाची साधनेही गेली. या गाळलेल्या भागांची नोंद म्हणून मार्क तीनपुढे तारका आली. पुष्कळ लोक तारका म्हणजे खास प्रत असे समजतात. खरे तर ती काटकसरीची खूण आहे.

आपली रायफल बहुधा ११३ सेंटिमीटर लांब आणि चार किलोला थोडी कमी भरेल. तिच्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे बसतात आणि नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर असतो. आपल्याकडे पोलीस शिपायांपासून सिनेमातल्या हवालदारांपर्यंत सर्वांनी जिला थ्री-नॉट-थ्री म्हटले, ती हीच.

आता ‘पुरातन’ या शब्दाकडे येऊ. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला कायद्यातून सूट आहे, परंतु ते हत्यार दुरुस्ती करून अथवा न करता गोळी झाडण्यास असमर्थ असले पाहिजे. वाक्याचा हा उत्तरार्ध लोक वाचत नाहीत आणि तिथेच फसतात. घोंगडीत नीट जपलेली १९४२ ची ईशापुरी रायफल थोड्या तेलपाण्याने चालू होऊ शकते, त्यामुळे तिला ही सूट लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन क्युरिओ या वर्गातील जुनी लहान शस्त्रे परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा नागरिकांना मिळाली आहे, पण एखादे हत्यार त्या वर्गात बसते की नाही हे मालकाने घरबसल्या ठरवायचे नसते. बेकायदा बंदुकांच्या व्यापाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानेही १८९९ नंतर घडलेल्या बंदुकीला पुरातन म्हणायचे नाही, अशी रेघ ओढली आहे. आपल्या रायफलीच्या खुणा तिला त्या रेघेच्या बऱ्याच अलीकडे आणून ठेवतात. शिवाय .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नागरिकांना सहसा न मिळणारे नळीचे माप, आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान ७ वर्षे असून ती १४ वर्षांपर्यंत वाढू शकते.

म्हणून रायफल आहे तिथेच राहू द्यावी. बोल्ट उघडून पाहू नये. आत काडतूस नाही अशी खात्री फक्त जाणकाराने करावी. ती गोणपाटात बांधून रिक्षाने पोलीस ठाण्यात नेणे हा सरळपणा वाटतो, पण तो वाटेतच आपल्याला अडचणीत आणू शकतो. स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे, पोलिसांना घरी येऊ द्यावे, पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत जपावी. ज्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही ते विनाविलंब जमा करावे असे कलम २१ सांगते, आणि आपल्या बाजूने बोलणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपण किती तातडीने कळवले ही असेल. मधल्या काळात आजोबांच्या ट्रंकेतील कागद चाळावेत. जुना परवाना, सेवापुस्तक किंवा जमा-पावती सापडली तर पोलिसांपुढे ठेवावी.

रायफल जाण्यापूर्वी पोलिसांच्या समक्ष कड्याचे आणि बोल्टच्या मुठीमागील क्रमांकाचे स्वच्छ फोटो घ्यावेत. मुठीमागचा क्रमांक मुख्य सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळत असेल, तर बोल्ट मूळचाच आहे असे समजायला हरकत नाही. ली-एनफील्डचे बोल्ट एकेका रायफलीला हाताने बसवलेले असत, त्यामुळे संग्राहक या जुळणीला फार महत्त्व देतात. गंजाखालची अक्षरे दिसावीत म्हणून पॉलिश पेपर मात्र लावू नये. इतिहास पुसला जाईल हे तर झालेच, पण शस्त्रावरील ओळखखुणा नष्ट करणे हा कलम ८ खाली वेगळा गुन्हाही आहे.

प्रश्न : परदेशी संग्राहकांच्या भिंतींवर माउझर, स्प्रिंगफील्ड, मोसिन-नागान, ली-एनफील्ड अशा रायफली ओळीने लावलेल्या पाहतो. मला असा संग्रह नेरूळमध्ये उभा करायचा आहे. सुरुवात कशी करावी? (एक अभियंता वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : तशी भिंत इथे होणार नाही हे आधीच सांगितलेले बरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला परवान्यावर जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेले शस्त्रही याच दोनांत मोजले जाते. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या, तसेच ज्यांत त्या मापाचे लष्करी काडतूस बसून उडू शकते अशा बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली प्रतिबंधित वर्गात टाकल्या आहेत. त्याच ओळीत .४१० बोअरच्या मस्केटही आहेत. तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या पहाऱ्यासाठी ली-एनफील्डच्या नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर, काढून, ती गुळगुळीत करून या मस्केट बनवल्या जात. प्रतिबंधित शस्त्राचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो आणि हौस हे त्यासाठी कारण धरले जात नाही. नागरिकांसाठी बंदुकांची आयातही १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे.

या बंदीचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. सैनिकाच्या पट्ट्यातून किंवा कोठारातून गेलेले काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये, हा त्यामागचा साधा हिशेब होता. म्हणून हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी बंदूककारांना लष्करी मापे टाळून नवी मापे काढावी लागली. .४५० बोअरवर बंदी आल्यावर .४७० सारखी मोठी शिकारी काडतुसे जन्मली, ती याच कारणाने. आज ईशापूरची जी .३१५ रायफल परवानाधारकांच्या घरी दिसते, तिची यंत्रणा ली-एनफील्डच्या वळणाची आणि काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकरच्या जातीचे आहे. ज्यांना परवाना मिळण्याजोगे कारण आहे आणि बोल्ट-अ‍ॅक्शनचा हात अनुभवायचा आहे, त्यांना आपल्याकडे ही एक वाट मोकळी आहे.

पण आपण अभियंता आहात, म्हणून एक वेगळी वाट सुचवतो. माझ्याकडे एकही रायफल नाही, दोन जाड वह्या आहेत. कुठेही जुनी रायफल पाहायला मिळाली, मग ती संग्रहालयात असो, एखाद्या परवानाधारकाच्या घरी असो की पोलीस मुख्यालयाच्या दर्शनी कपाटात, की तिचा कारखाना, वर्ष, नमुना, जुळणारे-न जुळणारे क्रमांक आणि लाकडावरील खुणा एका पानावर उतरवायच्या. ली-एनफील्डचे लाकूड दोन तुकड्यांचे असल्यामुळे दस्ता स्वतंत्र बदलता येई, आणि शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे तो आखूड, साधा आणि लांब अशा मापांत मिळे. दस्त्यावरचा छोटासा ‘एस’ किंवा ‘एल’ म्हणजे आखूड किंवा लांब. ती रायफल धरणाऱ्या कोणा अनामिक माणसाच्या उंचीचा तेवढाच पुरावा आज उरला आहे. पन्नास पाने भरली की खुणा आपोआप बोलू लागतात.

हाताशी काही हवेच असेल तर रायफलीच्या अवतीभवतीच्या वस्तू घ्याव्यात. दस्त्याच्या पितळी टाचेला एक झाकण असते आणि त्यामागच्या पोकळीत तेलाची छोटी पितळी बाटली आणि नळी पुसायची पुलथ्रूची दोरी बसते. या बाटल्या, खांद्याचे पट्टे, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, पलटणींची छायाचित्रे यांना शस्त्र परवाना लागत नाही आणि मुंबईच्या चोर बाजारात त्या अधूनमधून निघतात. बाटली नवी घडवून जुनी केलेलीही विकली जाते. खऱ्या बाटलीवर बनवणाऱ्याची ठोकलेली खूण असते आणि आतल्या चमच्याची टोके वापराने झिजलेली असतात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दस्त्याच्या उजव्या अंगाला पलटणीची अक्षरे कोरलेली पितळी चकती असे. अशी एक चकती मला विशीत मिळाली आणि मी ती चिंच लावून अशी लखलखीत घासली, की अक्षरांच्या जागी नुसती चमक उरली. ती चकती अजून माझ्या टेबलावर आहे.

संगिनीचे मात्र जपून. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचे पाते १७ इंच असते आणि संगीन हे शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात नाव घेऊन येते. त्या वर्गाला परवाना लागतो तो सरकारने अधिसूचित केलेल्या भागातच, तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारावे.

प्रश्न : शाळेत एनसीसीत असताना आमचे उस्ताद थ्री-नॉट-थ्रीला जगातली सर्वोत्तम रायफल म्हणत. माझे एक मित्र, सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणतात की खरी रायफल जर्मन माउझर, ली-एनफील्डची बांधणी कच्ची. दोघांपैकी बरोबर कोण? (एक निवृत्त शिक्षक, कळवा)

उत्तर : उस्ताद रणांगणावरून बोलत होते, मित्र कारखान्यातून बोलत आहेत. वाद बोल्ट कुठे अडकतो याचा आहे.

काडतूस पेटले की त्याचा दाब बोल्टला मागे रेटतो. तो रेटा पेलण्यासाठी बोल्टला कान असतात आणि मूठ खाली दाबली की ते सांगाड्यातील खाचांत अडकतात. १८९८ च्या माउझरचे दोन मुख्य कान बोल्टच्या पुढच्या टोकाशी, काडतुसाच्या लगेच मागे असतात आणि सुरक्षेसाठी मागे तिसरा असतो. रेटा जिथे जन्मतो तिथेच पेलला जातो. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी अमेरिकेत आपली यंत्रणा रचली, तेव्हा कान मागे ठेवले. त्यामुळे गोळी सुटताना कानांच्या पुढचा सगळा बोल्ट किंचित दबतो आणि सांगाडा किंचित ताणला जातो. काडतुसाचे पितळही लांबते आणि ते पुन्हा भरून वापरायचे म्हटले तर लवकर तडकते. आपल्या मित्रांचा ‘कच्ची’ हा शब्द याचसाठी असावा. .३०३ च्या दाबाला ही बांधणी पुरून उरते, त्याहून पुष्कळ जास्त दाबाच्या काडतुसाला ती ओशाळते, एवढेच त्याचे तात्पर्य.

याच मागच्या कानांमुळे लीची मूठ सुमारे ६० अंश फिरवली की बोल्ट सुटतो, माउझरची ९० अंश फिरवावी लागते. लीमध्ये आघात करणारी स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दबते, त्यामुळे मूठ उचलणे हलके जाते. माउझरमध्ये ती उचलतानाच दबते. त्यात मॅगझीन दहाचे, माउझरचे पाचाचे. गाल दस्त्यावरून न हलवता, डोळा नेमावर ठेवून हात फिरत राहतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश चांदमारीत ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्या ही अपेक्षा होती, आणि ती या यंत्रणेला झेपत होती.

लीचा खरा दोष मला वेगळा वाटतो, आणि तो रायफलीचा नाही, काडतुसाचा आहे. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मध्येच थबकतो. भरताना कडा नीट पुढे-मागे लावा म्हणून कोणी ओरडले असेल तर ते याचसाठी. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या बिनकडेच्या काडतुसासाठी पुन्हा बांधली. त्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलाद बदलले आणि मॅगझीन चौकोनी झाले. तिच्या पुढच्या आवृत्तीत मागच्या नेमपट्टीवरील २००० चा आकडाही ८०० मीटरवर आला, आणि हा बदल मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण दोन किलोमीटरवर उघड्या नेमाने कोणी काही टिपत नसे. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो २०२० च्या २६ जानेवारीला. मार्क तीनचा जन्मदिवसही तोच.

प्रश्न : वडिलांची ईशापूर .३१५ रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावे झाली आहे. खारघरला राहायला आल्यापासून पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके पडतात. सुतार म्हणतो की लाकूड घासून पॉलिश करून देतो. काय करावे? आणि पुढे ती मुलीच्या नावे करता येईल का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : सुताराला चहा पाजून परत पाठवावे. घासलेल्या लाकडाबरोबर कारखान्याचे ठसे आणि कडांची धार जाते आणि ती परत येत नाही.

ठिपक्यांचा दोष खाडीच्या हवेचा आहे. दमट हवेतला क्षार लोखंडावर बसतो, ओल धरून ठेवतो आणि तिथे गंज सुरू होतो. बोटांच्या घामातही क्षारच असतो, म्हणून हाताळल्यावर प्रत्येक वेळी धातू पुसून तेलाचा अगदी पातळ थर द्यावा. जाड थर देऊ नये, त्याला धूळ चिकटते आणि तो लाकडात उतरून ते मऊ करतो. रायफल चामड्याच्या पिशवीत किंवा फोमच्या पेटीत ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते आवरण प्रवासापुरते ठीक, साठवणुकीसाठी वाईट, कारण दोन्ही ओल शोषतात आणि चामडे कमावतानाचे क्षारही सोडते. कुलूपबंद लोखंडी कपाटात, भिंतीपासून जरा दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवावी आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरवड्याने पाहावी. पडलेले ठिपके तेलात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने, घाई न करता, दोन-तीन दिवस थोडे थोडे पुसावेत. तारेचा काथ्या किंवा पॉलिश पेपर लावला तर गंजाबरोबर नळीचा काळा मुलामाही निघेल. लाकूड कोरडे पडले असेल तर कच्च्या जवस तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळावेत आणि उरलेले पुसून घ्यावे. ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, मोकळे पसरून वाळवावे, कारण जवस तेलाचे फडके आपोआप तापून पेट घेऊ शकते.

जुनी लष्करी काडतुसे झाडल्यावर नळीत उकळते पाणी ओतायची रीत आपण ऐकली असेल. त्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून क्षार उरे, आणि क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अलीकडच्या काडतुसांत तो नसतो, त्यामुळे आपल्याला नेहमीचे पुसणे पुरे. आतून नळी खडबडीत वाटली तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्यालाच दाखवावी आणि झाडण्यापूर्वी नळीतले तेल पुसून काढावे.

मुलीबाबत : शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ नुसार परवानाधारकाला वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसाला परवाना मागता येतो. वारस मुलगा की मुलगी असा भेद नियमात नाही. खारघर महसुली हिशेबात रायगड जिल्ह्यात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे आहे, तेव्हा परवान्यावरील पत्ताबदल तेथे नोंदवला आहे ना, हे मात्र आजच पाहावे. असे प्रकरण पत्त्यावरूनच अडलेले मी दोनदा पाहिले आहे.

प्रश्न : दस्त्यावर ‘डी. पी.’ अशी ठळक अक्षरे असलेली थ्री-नॉट-थ्री निरुपयोगी असते का? (एक वाचक, घोडबंदर रस्ता)

उत्तर : झाडण्यासाठी, होय. ती अक्षरे ‘ड्रिल पर्पज’ची, म्हणजे कवायतीपुरती. झिजलेली किंवा नापास झालेली रायफल असा शिक्का मारून कॅडेटांच्या हाती दिली जाई. मात्र निरुपयोगी ठरवलेली म्हणजे कायद्यातून सुटलेली असा अर्थ काढू नये. वर नौपाड्याच्या वाचकांना दिलेले उत्तर येथेही लागू आहे.

प्रश्न : आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. त्यांचा रायफलीसह उभा असलेला एक फोटो आहे, पण मागे तारीख नाही. शिवाय दुसऱ्या एका फोटोत ते वेगळीच, जपानी असावी अशी रायफल धरून हसत आहेत. यावरून काळ ठरवता येईल का? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : बऱ्याच अंशी, आणि त्यासाठी फक्त रायफलीचे तोंड पाहावे. नळी लाकडाच्या आणि लोखंडी टोपीच्या अगदी बरोबरीने संपत असेल, चपट्या नाकासारखी, तर ती मार्क तीन. ब्रह्मदेशातील हिंदी पलटणींच्या हातात बहुतेक काळ हीच होती, त्यामुळे एवढ्यावरून वर्ष निघणार नाही. नळीचे टोक दोन-तीन बोटे पुढे डोकावत असेल तर ती ली-एनफील्डचीच त्यानंतरची आवृत्ती, नंबर चार, आणि तिची संगीन पात्याची नसून लांब खिळ्यासारखी असते. नळीच्या टोकाला कर्ण्यासारखी निमुळती टोपी आणि लाकूड अर्ध्यातच थांबलेले दिसले तर ती जंगलातील लढाईसाठी आखूड केलेली नंबर पाच. तिचे उत्पादनच १९४४ मध्ये सुरू झाले, म्हणजे तो फोटो युद्धाच्या अखेरचा किंवा त्यानंतरचा ठरेल. ती हलकी होती, म्हणून शिपायांना आवडे. तिचा धक्का खांद्याला आवडत नसे, आणि नेम भरकटतो ही तक्रार तिला अखेरपर्यंत चिकटली.

दुसऱ्या फोटोतील रायफल आरिसाका असावी. बोल्टवर पातळ पत्र्याचे सरकते झाकण दिसते का पाहा. धूळचिखलापासून बचावासाठी असलेले हे झाकण तिची पक्की ओळख आहे, जरी कित्येक जपानी शिपाई खडखडाट करते म्हणून ते काढून टाकत. जपानी नमुन्यांचे क्रमांक वर्षांवरून पडतात. ६.५ मिलिमीटरची टाइप ३८ ही मेइजी राजवटीच्या अडतिसाव्या वर्षाची, म्हणजे १९०५ ची. ७.७ मिलिमीटरची टाइप ९९ ही जपानी सम्राटवंशाच्या गणनेतील २५९९ या वर्षाची, म्हणजे १९३९ ची.

नळीच्या मुळाशी, सांगाड्याच्या माथ्यावर, सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. ते सम्राटाचे चिन्ह. शरणागतीनंतर जमा केलेल्या असंख्य रायफलींवरून ते घासून काढले गेले. तेव्हा मूळ निगेटिव्ह घरात असेल तर ती मोठ्या आकारात स्कॅन करून घ्यावी आणि त्या जागी भिंगातून पाहावे. फूल शाबूत दिसले तर रायफल लढाईत हाती आलेली असण्याची शक्यता अधिक. घासलेला सपाट डाग दिसला तर फोटो ऑगस्ट १९४५ नंतरचा धरावा. निगेटिव्ह न सापडल्यास मूळ छापील फोटोच स्कॅन करून आमच्याकडे पाठवावा, फ्रेममधून काढताना मात्र काचेला चिकटलेला कागद ओढू नये.